विश्लेषण : नव्या घराच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा? बिल्डर, सोसायटी की घरमालक?

घर घेताना गृहकर्ज, मुद्रांक शुल्क आणि फर्निचरचा हिशेब बारकाईने केला जातो. गळती, वाहिन्या, गच्ची आणि प्लास्टर यांचा हिशेब मात्र राहून जातो. कायद्याने घरमालकाला पाच वर्षांची हमी आणि सोसायटीचा दुरुस्ती निधी अशी दोन कवचे दिली आहेत. ती गरजेच्या वेळी अपुरी का पडतात?

प्रश्न आताच का?

रेरा कायद्याच्या मुख्य तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. त्यानंतर महारेराकडे नोंदणी झालेल्या सुरुवातीच्या प्रकल्पांत घराचा ताबा मिळून आता पाच वर्षे उलटली आहेत, तर त्यामागून आलेल्या प्रकल्पांची पाच वर्षे एकेक करून संपत आहेत. या मुदतीला महत्त्व आहे, कारण ती संपली की इमारतीतील दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची रेराखालील विकासकाची जबाबदारी संपते. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली, तर बिल घरमालकाच्या किंवा सोसायटीच्या नावे येते.

अडचण अशी की, बांधकामातील बहुतेक उणिवा पहिल्या वर्षी दिसत नाहीत. बाहेरच्या भिंतीतील केसाएवढी भेग पहिल्या दोन पावसाळ्यांत फक्त ओल दाखवते. स्वच्छतागृहातील फरश्यांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी खालच्या घराच्या छताला पोपडे आणायला तीन-चार वर्षे घेते. दोष ठळक होतो तोवर हमीचे शेवटचे वर्ष सुरू झालेले असते.

‘इमारत नवी आहे, इतक्यात काय होणार’ या समजुतीलाही मर्यादा आहेत. रायगड जिल्ह्यातील महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ती जेमतेम दशकभर जुनी होती. अशी टोकाची घटना विरळाच, पण वय कमी म्हणून इमारत सुदृढ असे गणित नसते हे त्यातून दिसले.

घर घेतानाच खिसा रिकामा का होतो?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाख रुपयांच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देता येते. ७५ लाखांपुढील कर्जासाठी ही मर्यादा ७५ टक्के आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क सर्वसाधारणपणे या हिशेबात धरले जात नाही, ते खरेदीदाराने स्वतःच भरायचे असते.

समजा, ठाणे किंवा पुण्यासारख्या महापालिका क्षेत्रात ६० लाखांचे घर घेतले. बँक फार तर ४८ लाख देईल. उरलेले १२ लाख, सात टक्के दराने ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क, म्हणजे साडेसोळा लाख रुपये घरच्या बचतीतून जातात. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातील घर असेल तर जीएसटी वेगळा. त्यावर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, पंखे, पडदे, गृहप्रवेश. बहुतेक कुटुंबांत याच टप्प्यावर दागिने मोडलेले असतात किंवा नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले असते. ताब्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नव्या घरमालकाकडे शिल्लक जवळपास नसते आणि मोठी दुरुस्ती निघाली तर पहिला हात क्रेडिट कार्डाकडे किंवा वैयक्तिक कर्जाकडे जातो.

पाच वर्षांची हमी नेमकी कशाची?

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष, कामाच्या दर्जातील किंवा सेवासुविधांमधील त्रुटी विकासकाच्या निदर्शनास आणून दिल्यास त्याने ती ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे. न केल्यास खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. पूर्वीच्या मोफा कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती.

यात ‘निदर्शनास आणून देणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोष पाच वर्षांत दिसणे पुरेसे नाही, तो विकासकाला कळवला गेल्याचा पुरावा हवा. प्रकल्पाच्या व्यवस्थापकाला केलेला फोन, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली छायाचित्रे किंवा सुरक्षारक्षकाकडच्या वहीतील नोंद पुढे फारशी उपयोगी पडत नाही. ईमेल आणि पोचपावतीसह टपालाने पाठवलेले पत्र, त्यासोबत तारखेची छायाचित्रे, हा साधा मार्ग आहे. सदनिकेतील दोषासाठी सदस्याने आणि गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या यांसाठी सोसायटीने स्वतंत्र पत्र द्यावे.

विकासकाने दाद दिली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पाच हजार रुपये शुल्क आहे. सुनावणीपूर्वी सलोखा मंचाचा पर्यायही आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा असून तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

एक बाब फारशी ठाऊक नसते. रेरातील ‘खरेदीदार’ या व्याख्येत पहिल्या ग्राहकाकडून पुढे घर विकत घेणाराही येतो. म्हणजे तीन वर्षे जुनी सदनिका घेतली तर उरलेल्या दोन वर्षांसाठी दोष दुरुस्तीचा हक्क नव्या मालकाकडे येतो. मुदत मात्र पहिल्या ताब्यापासूनच मोजली जाते. त्यामुळे मूळ ताबापत्राची प्रत विक्रेत्याकडून घेणे गरजेचे आहे.

हमी हातची कशी जाते?

बहुतेक वेळा इंटिरिअरच्या कामात. ताबा मिळाला की महिन्याभरात छिन्नी-हातोडा सुरू होतो. स्वच्छतागृहातील ‘जुन्या पद्धतीच्या’ फरश्या काढून मोठ्या फरश्या बसवल्या जातात, बेसिनची जागा बदलते, कोरड्या बाल्कनीत वॉशिंग मशीन येते, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी तुळईला भोक पडते. फरशी उखडताना तिच्याखालचा जलरोधक थर फाटतो आणि वर्षभरात खालच्या घरात थेंब पडू लागतात. अशा वेळी विकासक करारनाम्यावर बोट ठेवतो. लेखी परवानगीशिवाय बदल केल्यास दोष दुरुस्तीची जबाबदारी राहणार नाही, अशी अट अनेक करारनाम्यांत असते. ही अट कितपत ताणता येते हा वादाचा विषय आहे. स्वयंपाकघरातील ओटा बदलला म्हणून बाहेरच्या भिंतीतील भेगेची जबाबदारी टळू नये. पण वाद सिद्ध करण्याचे ओझे शेवटी घरमालकाच्याच डोक्यावर येते.

बदल करायचाच असेल तर तो करण्यापूर्वीच्या स्थितीची छायाचित्रे घेणे, स्वच्छतागृहात दोन दिवस पाणी तुंबवून खालच्या घरात ओल येते का ते पाहणे आणि विकासकाला लेखी कळवणे ही तीन कामे नंतरचे बरेच वाद वाचवतात. खांब आणि तुळया यांना हात लावणे हा तर वेगळाच विषय. घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता.

हमी हातची जाण्याचे दुसरे कारण कागदपत्रांचे. सोसायटी स्थापन होऊन कारभार हाती घेताना मंजूर नकाशे, संरचनेची रेखाचित्रे, पाणी व विजेच्या वाहिन्यांचे आराखडे, लिफ्ट व पंपांची हमीपत्रे घ्यायला हवीत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी बरेचदा कंत्राटदाराने विकासकाच्या नावे दिलेली असते. ती सोसायटीच्या नावे करून घेतली नाही, तर दहा वर्षांची म्हणून सांगितलेली हमी विकासक निघून गेल्यावर नुसता कागद उरते. विकासकाने ताबा देताना देखभालीपोटी आणि कॉर्पस म्हणून घेतलेल्या रकमेचा हिशेबही याच वेळी मागायचा असतो.

मोठ्या दुरुस्तीची सुरुवात कोठून होते?

जवळपास नेहमीच पाण्यापासून. काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील सळई सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो तसे हे संरक्षण कमी होते. त्यात भेगांमधून पाणी पोहोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगून सुटते. छताचा तुकडा पडतो आणि सळई उघडी दिसते ती या क्रियेच्या शेवटच्या टप्प्यात. मुंबई, ठाणे, रत्नागिरीसारख्या किनारी भागांत खाऱ्या हवेमुळे हा वेग आणखी वाढतो.

म्हणूनच भेग बुजवण्याचा खर्च आणि काही वर्षांनी खांबाला नव्या काँक्रीटचे आवरण चढवण्याचा खर्च यांत फार मोठे अंतर पडते. आणि म्हणूनच ओल आलेल्या भिंतीवर रंग मारणे हा सर्वात महागडा उपाय ठरतो, कारण त्याने पाणी थांबत नाही, दिसेनासे तेवढे होते.

कोकणात कौलारू घरांची मे महिन्यात शाकारणी होते. फुटकी कौले बदलायची, पन्हळ साफ करायची, वाळवी लागलेला वासा ठोकून पाहायचा. या कामाला ‘आकस्मिक खर्च’ कोणी म्हणत नाही, तो वर्षाच्या हिशेबातच धरलेला असतो. सदनिकेत राहायला आल्यावर ही सवय सुटली, कारण छत सगळ्यांचे झाले. गच्चीवरील पन्हळी आणि जाळ्या मेअखेर साफ करणे, भिंतीतून उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढणे, खिडक्यांच्या सज्जांवरील कुंड्या हटवणे, टाकी ओसंडत नाही ना ते पाहणे एवढ्यानेही गळतीची बरीच कारणे कमी होतात. घरमालकापुरते बोलायचे तर स्वच्छतागृहातील फरश्यांचे सांधे भरून घेणे आणि नहाणीची जाळी, बेसिनखालची नळी वर्षातून एकदा तपासणे याला खर्च किरकोळ लागतो.

सोसायटीचा खर्च कोणता, सदस्याचा कोणता?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ही विभागणी स्पष्ट आहे. बाहेरच्या जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, टाक्या, पंप, जिना, लिफ्ट, गच्ची, कठडे आणि इमारतीच्या संरचनेची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. पावसाच्या पाण्यामुळे किंवा सामाईक वाहिनीमुळे होणारी गळतीही सोसायटीच्याच खात्यात येते. सदनिकेतील स्वच्छतागृह, सिंक आदींमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदस्याचा.

सर्वाधिक वाद शेवटच्या मजल्यावर होतात. गच्चीतून पाणी आले की ‘तुमच्या घराचे तुम्ही पाहा’ असे तिथल्या सदस्याला ऐकवले जाते आणि तळमजल्यावरचे सदस्य वर्गणी द्यायला तयार नसतात. उपविधींनुसार गच्ची सर्वांची आहे. गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने शेवटच्या मजल्यावरील घराचे छत आणि त्याचे प्लास्टर खराब झाले तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचे असते. दुसरा नेहमीचा वाद वरच्या आणि खालच्या घराचा. वरचा सदस्य दार उघडत नाही आणि खालच्याच्या छतावर बुरशी वाढत राहते. इथे समितीने स्वतःहून पाहणी करून नोटीस द्यावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात समितीचे लोकही शेजारीच असल्याने वाईटपणा कोणी घेत नाही. तक्रार लेखी ठेवली तर पुढे उपनिबंधक किंवा सहकार न्यायालयाकडे जाता येते, पण त्यात पावसाळेच्या पावसाळे जातात.

मग सोसायटीचा निधी पुरत का नाही?

आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी प्रत्येक सदस्याकडून घ्यायची असते. बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरली जात नाही. दोन्ही मिळून वर्षाला एक टक्का.

हा एक टक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. घराच्या किमतीच्या एक टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी, असा अमेरिकेतील घरमालकांना दिला जाणारा सल्ला समाजमाध्यमांतून इथेही फिरतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. इथल्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा असतो आणि जमीन गळत नाही. बांधकाम खर्चाशी जोडलेला उपविधींचा एक टक्का त्यामानाने अधिक वास्तववादी आहे. सदनिकेचा बांधकाम खर्च १८ लाख रुपये धरला तर वर्षाला १८ हजार, महिन्याला दीड हजार रुपये होतात.

त्रुटी आहे ती बांधकाम खर्च कोणत्या सालचा धरायचा यात. अनेक सोसायट्या इमारत उभी राहिली तेव्हाचाच आकडा वापरतात. समजा, ४० सदनिकांच्या जुन्या इमारतीत प्रत्येक घराचा मूळ बांधकाम खर्च दोन लाख रुपये होता. एक टक्क्याने वर्षाला दोन हजार रुपये, सगळ्या इमारतीचे ८० हजार. आज त्या इमारतीच्या बाहेरून प्लास्टर, वाहिन्या आणि गच्चीच्या कामाचा अंदाज ६० लाख रुपये आला, तर ३० वर्षांचे हप्ते व्याजाविना २४ लाखच होतात आणि त्यातला बराच भाग दरवर्षीच्या किरकोळ दुरुस्त्यांत खर्च झालेला असतो. उरलेली तूट एकदम सदस्यांवर येते आणि प्रत्येक घराला लाख-सव्वा लाखाची नोटीस मिळते. त्यात गेल्याच वर्षी घर घेतलेला सदस्यही असतो, ज्याने त्या ३० वर्षांत काहीच वाचवलेले नसते.

उपविधींत दर ‘किमान’ म्हणून दिला आहे. सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो, पण मासिक देखभाल दोनशे रुपयांनी वाढवण्याचा ठराव सभेत किती वेळ टिकतो हे सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारायचा झाल्यास तो सदनिकेच्या क्षेत्रफळानुसार घ्यावा अशी तरतूद आहे. सिंकिंग फंड वापरायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र लागते. गणेशोत्सवाचा मंडप किंवा प्रवेशद्वाराची कमान यासाठी तो नाही.

निधीअभावी निर्णय लांबण्याचे परिणाम अमेरिकेने पाहिले आहेत. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली निवासी इमारत अंशतः कोसळून ९८ जणांचा मृत्यू झाला. काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग खराब झाल्याचा अहवाल अभियंत्याने २०१८ मध्येच दिला होता. सुमारे दीड कोटी डॉलरचा खर्च सदनिकाधारकांवर कसा वाटायचा यावर दीर्घकाळ वाद झाले. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींसाठी संरचनेच्या दुरुस्तीचा राखीव निधी टाळता येणार नाही असा कायदा केला. महाराष्ट्रात निधीची तरतूद आधीपासून आहे. आजच्या बांधकाम दराशी मात्र ती जोडलेली नाही.

जुने घर घेणाऱ्याने काय पाहावे?

पुनर्विक्रीचे घर घेणारा खिडकीतून दिसणारे दृश्य आणि वाहनतळ पाहतो. त्याऐवजी, किंवा निदान त्यासोबत, सोसायटीचा ताळेबंद पाहायला हवा. खरेदीदार सदस्य नसल्याने त्याला थेट कागद मागता येत नाहीत, पण विक्रेता सदस्य म्हणून ते मिळवू शकतो. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल एवढे पुरे. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीतील शिल्लक सदनिकांच्या संख्येने भागली की चित्र स्पष्ट होते. घरामागे दहा हजार शिल्लक आणि इमारत २५ वर्षांची, तर पुढच्या काही वर्षांत मोठी वर्गणी निघणार असे समजून त्याप्रमाणे किमतीत घासाघीस करावी. दुरुस्तीचा ठराव झालेला असूनही वर्गणी भरायची बाकी असेल, तर ती कोण भरणार हे विक्री करारात लिहून घ्यावे.

१५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढील इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. अहवालच नाही असे उत्तर मिळाले तर तीही माहितीच.

‘लवकरच पुनर्विकास होणार आहे’ हे वाक्य विशेष तपासून घ्यावे. पुनर्विकासाच्या आशेवर सोसायट्या दुरुस्ती थांबवतात. विकासकाशी करार होईपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे जाऊ शकतात. तेवढा काळ त्याच इमारतीत राहायचे असते. घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे हा जुना सल्ला अजूनही उपयोगी आहे, नव्याने रंग दिलेल्या घराबाबत तर अधिकच.

पैसा कोठून आणायचा?

सर्वात स्वस्त पैसा आधी साठवलेला. सोसायटीला दिले जाणारे योगदान इमारतीसाठी असते. सदनिकेच्या आतली विजेची तार, नळ, स्वच्छतागृह, खिडक्या यांची तरतूद स्वतंत्र लागते. गृहकर्जाच्या हप्त्याबरोबरच महिन्याला दीड-दोन हजारांचे आवर्ती खाते सुरू केले तर दहा वर्षांत व्याजाविनाच १.८ ते २.४ लाख रुपये जमतात. हप्ता झेपतो का हे पाहताना बँक मासिक देखभाल आणि ही रक्कम धरत नाही, ती खरेदीदाराने स्वतः धरायची.

साठवण नसेल तर चालू गृहकर्जावरील टॉप-अप कर्ज किंवा घरदुरुस्ती कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा साधारणतः स्वस्त पडते. उदाहरणार्थ, तीन लाख रुपये पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ६,२३० रुपये, १४ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ६,९८० रुपये. पण टॉप-अपची खरी गोम मुदतीत आहे. हप्ता कमी दिसावा म्हणून तेच कर्ज १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,०४० रुपयांवर येतो आणि एकूण व्याज ७४ हजारांवरून जवळपास अडीच लाखांवर जाते. बाहेरचा रंग पाच-सात वर्षे टिकतो, त्याचे कर्ज १५ वर्षे फेडण्यात अर्थ नाही. भविष्य निर्वाह निधीतून घराच्या दुरुस्तीसाठी अंशतः रक्कम काढता येते, मात्र ती निवृत्तीची पुंजी असल्याने हा पर्याय शेवटचा ठेवणे बरे.

करसवलतीवर फार विसंबू नये. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच वजावट मिळते आणि तीही गृहकर्जाच्या दोन लाखांच्या मर्यादेतच मोजली जाते. घरात मोठी सुधारणा केली असेल तर तिच्या पावत्या जपाव्यात. पुढे घर विकताना भांडवली नफा काढताना त्या उपयोगी पडू शकतात.

सोसायटी पातळीवर जिल्हा मध्यवर्ती किंवा नागरी सहकारी बँकांकडून कर्ज घेऊन सदस्यांकडून मासिक हप्त्याने वसूल करणे हा एकरकमी वर्गणीपेक्षा सुसह्य मार्ग आहे. थकबाकीदार किती आहेत यावर बँका बरेच काही ठरवतात, त्यामुळे देखभाल थकवणारे दोन-चार सदस्य सगळ्या इमारतीचे कर्ज अडवू शकतात.

विमा गळतीचा खर्च देतो का?

बहुधा नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड यांबरोबरच पाण्याची टाकी किंवा वाहिनी अचानक फुटून झालेले नुकसान तीत येते. हळूहळू झिरपणारे पाणी, झीज आणि बांधकामातील दोष येत नाहीत. गृहकर्जासोबत बँकेने ‘विमा’ म्हणून घातलेली रक्कम घराच्या विम्याची आहे की कर्जदाराच्या आयुर्विम्याची, हे पॉलिसी उघडून पाहायला हवे. अनेकांकडे दुसराच असतो आणि घराचा विमा आहे असा समज असतो. विम्याची रक्कम बाजारभावावर ठरवायची नसते. घर पुन्हा बांधायला येईल तो खर्च धरायचा, त्यामुळे हप्ता वाटतो त्यापेक्षा बराच कमी बसतो.

काम देताना कोणती काळजी घ्यावी?

तीन कंत्राटदारांकडून अंदाज मागवले की सर्वात कमी रकमेचा निवडण्याचा मोह होतो. पण एकाने भेगा फोडून भरण्याचे काम धरलेले असते, दुसऱ्याने फक्त वरून लेप देण्याचे. त्यामुळे आधी संरचना अभियंत्याकडून कामांची यादी आणि परिमाणे करून घ्यावीत आणि त्याच यादीवर सर्वांकडून दर मागवावेत. अभियंता आणि कंत्राटदार एकमेकांनीच सुचवलेले नसावेत. दुरुस्तीच्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरला आहे की वेगळा हे लिहून घ्यावे. दहा लाखांच्या कामात हा फरक १ लाख ८० हजारांचा असतो. गच्चीवर पत्र्याची शेड घालायची असेल तर महापालिकेची परवानगी आधी घ्यावी.

पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी. वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची यापेक्षा गळती आढळल्यावर कंत्राटदार किती दिवसांत येईल, फरशी पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा आणि हमीपत्र कोणाच्या नावे, हे तीन प्रश्न करारात असावेत. सोसायटीच्या कामाचे हमीपत्र सोसायटीच्या नावे घेऊन दप्तरात ठेवले, तर समिती बदलल्यावरही ते सापडते.